पापलेटाचं गणित



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथं जमतो त्या गुरुजींनी आयुष्यभर मुलांना विज्ञान शिकवलं. म्हणून मीही आज विज्ञानाचाच एक विषय घेतो आहे. सजीवांची संख्या कशी वाढते, आणि वाढता वाढता ती कुठं आणि कशानं अडते? विषय साऱ्या जगाचा आहे, पण तो मांडायला वसईबाहेर जावं लागत नाही. वाडीत, बावखलात आणि समोरच्या दर्यात तो पुरता सापडतो. त्यातला दर्याचा भाग आता थांबण्यासारखा राहिलेला नाही, म्हणून माझा बहुतेक वेळ मी तिथंच घालवणार आहे.

सुरुवात बावखलापासून करू. ज्या बावखलांवर, म्हणजे गोड्या पाण्याच्या तळ्यांवर, आपल्या वाड्या पोसल्या, त्यांतली कितीतरी आज जलपर्णीखाली गेली आहेत. उबदार हवा आणि सांडपाण्याचं खत मिळालं की जलपर्णी साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते. समजा, आज बावखलाचा सोळावा हिस्सा तिनं व्यापला आहे. दोन आठवड्यांनी आठवा, चार आठवड्यांनी चौथा. सहा आठवडे झाले तरी निम्मं पाणी मोकळं दिसतं आणि मालक म्हणतो, अजून बराच वेळ आहे. त्यानंतर दोनच आठवड्यांत पाण्याचा टिपूस दिसत नाही. दुपटीनं वाढणाऱ्या गोष्टीचा हा स्वभाव आहे: ती बहुतेक काळ थोडी दिसते आणि शेवटी एकदम सगळीकडे असते.

पण बावखल भरल्यावर पुढं काय होतं? वाढ थांबते. पानाला पान लागतं, जागा संपते, उजेड खालपर्यंत पोहोचत नाही. कोणी येऊन तिला थांबवत नाही, तिची स्वतःची गर्दीच तिला थांबवते. आपल्या केळीच्या बागायतदाराला हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. केळीच्या बुंध्याशी मुनवे फुटतात ते सगळे तो ठेवत नाही. एखाददुसरा जोमदार ठेवतो, बाकीचे काढून टाकतो. सगळे राखले तर त्या जमिनीत एकही घड धड भरणार नाही. रानात हे काम कोयता करत नाही, गर्दी करते. गर्दी वाढली की प्रत्येकाच्या वाट्याला अन्न कमी येतं, पिल्लं कमी होतात, झालेली कमी जगतात, रोग एकाकडून दुसऱ्याकडे लवकर जातो. गर्दी ओसरली की हे सगळं उलट फिरतं.

काही संकटं मात्र गर्दी मोजत नाहीत. वादळ केळ आडवी करतं तेव्हा ती दाट लावली होती की विरळ हे पाहत नाही. म्हणजे संख्या घटवणारी कारणं दोन जातींची. एक, जी संख्येकडे पाहून हात आखडतात किंवा सैल सोडतात. दुसरी, जी आंधळेपणानं घाला घालतात. संख्येचा तोल सांभाळतात ती पहिल्या जातीची कारणं. एवढा भेद कृपा करून लक्षात ठेवा, पुढचं सारं त्याच्यावर उभं आहे.

या विचाराचा इतिहास थोडक्यात सांगतो. १७९८ साली इंग्लंडमध्ये माल्थसनं लोकसंख्येवरचा निबंध छापला. संख्या पटीनं वाढते आणि अन्न त्या वेगानं वाढत नाही, हा त्याचा गाभा. हाच माल्थस १८०५ पासून ईस्ट इंडिया कंपनीच्या हेलिबरी इथल्या कॉलेजात प्राध्यापक होता. हिंदुस्थानचा कारभार हाकायला आलेल्या कितीतरी गोऱ्या अधिकाऱ्यांनी त्याच्यासमोर बसून अर्थशास्त्राचे धडे घेतले होते. दुष्काळातल्या भूकबळींकडे निसर्गाचा नियम म्हणून पाहण्याची सवय त्या कारभारात मुरली, तिची मुळं शोधताना ही गोष्ट विसरता येत नाही. माणसाच्या बाबतीत माल्थसचं भाकीत जसंच्या तसं खरं ठरलं नाही. पण १८३८ साली डार्विननं त्याचा निबंध वाचला आणि निसर्गनिवडीची कल्पना त्याच्या मनात पक्की झाली. त्याच १८३८ मध्ये व्हेरहुल्स्ट नावाच्या बेल्जियन गणितज्ञानं संख्यावाढीचं साधं समीकरण मांडलं. सुरुवातीला वाढ हळू, मध्ये झपाट्यानं, आणि परिसराची क्षमता भरत आली की पुन्हा हळू. आलेख काढला तर लांब ओढलेल्या चढणीसारखा दिसतो.

त्या चढणीतला मधला भाग मासेमारीच्या शास्त्राचा पाया झाला. समुद्र माशांनी पूर्ण भरलेला असेल तर नवी भर फारशी पडत नाही. मासे फारच थोडे उरले तरी भर थोडीच, कारण अंडी घालणारेच थोडे. भर सर्वांत जास्त पडते ती क्षमतेच्या साधारण निम्म्यावर. तेव्हा साठा निम्म्यावर राखा आणि दरवर्षी पडणारी भर तेवढी काढा, असा हिशेब शेफर या अमेरिकी शास्त्रज्ञानं १९५४ साली मांडला. हिशेब सुरेख आहे, पण समुद्र कागदावर राहत नाही. पेरूच्या किनाऱ्यावर १९७० साली सव्वा कोटी टनांच्या घरात अँकोव्ही मासा काढला गेला. १९७२ ला पाणी तापवणारा एल निनो आला आणि १९७३ मध्ये पकड वीस लाख टनांच्याही खाली घसरली. काठोकाठ मासेमारी चालू असताना एक वाईट वर्ष आलं की सावरायला साठाच उरत नाही. म्हणून निम्म्याची रेघ गाठायची नसते, तिच्या बरंच अलीकडे थांबायचं असतं.

आता शिकाऱ्याकडे वळू. पहिल्या महायुद्धात एड्रियाटिक समुद्रातली मासेमारी जवळजवळ थांबली होती. उंबेर्तो द'अँकोना हा तरुण प्राणिशास्त्रज्ञ तिथल्या मासळीबाजारांच्या नोंदी पाहत होता. फ्यूमेच्या बाजारात मुशी-पाकटांसारख्या शिकारी माशांचं प्रमाण १९१४ साली शेकडा १२ च्या आसपास होतं, ते १९१८ मध्ये शेकडा ३६ वर गेलं. युद्ध संपून होड्या पुन्हा समुद्रात गेल्या आणि १९२३ पर्यंत ते शेकडा ११ वर उतरलं. माणसानं जाळं आवरलं तर सगळ्याच माशांचा सारखा फायदा व्हायला हवा, मग शिकाऱ्यांचाच एवढा का झाला? द'अँकोनानं हा प्रश्न आपले होणारे सासरे व्हिटो व्होल्टेरा यांच्यापुढं ठेवला. ते इटलीतले मोठे गणितज्ञ. त्यांनी १९२६ साली उत्तर दिलं. भक्ष्य वाढलं की शिकारी वाढतो, शिकारी वाढला की भक्ष्य घटतं, भक्ष्य घटलं की शिकारी उपाशी राहून घटतो, आणि भक्ष्याला पुन्हा श्वास घ्यायला अवधी मिळतो. मासेमारी दोघांनाही मारते, पण तिचा जास्त फटका शिकाऱ्याला बसतो. म्हणून ती थांबली तेव्हा शिकारी वर आला.

या साखळीत भक्ष्याला वाचवणारी एकच गोष्ट आहे: शिकाऱ्याची उपासमार. भक्ष्य कमी झालं की शिकाऱ्याचा हात आपोआप आखडतो. हा दुवा तुटला तर काय होतं हे आपल्याच तालुक्यात दिसतं. २०२४ च्या मार्च-एप्रिलमध्ये वसईच्या किल्ल्यात बिबट्या शिरला आणि वनखात्यानं त्याला पकडेपर्यंत आपण सगळे धास्तावलो होतो. तुंगारेश्वर आणि बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातला बिबट्या केवळ हरणांवर जगत नाही, वस्तीच्या कडेची कुत्रीही त्याचं मोठं अन्न आहे. त्यामुळं रानात हरणं कमी झाली तरी बिबट्या लगेच कमी होत नाही, आणि उरलेल्या हरणांवरचा दाब टिकून राहतो. शिकाऱ्याला दुसरीकडून पोसणारं कोणी असेल तर भक्ष्याची सुटका नसते.

माझं आजचं म्हणणं एवढंच आहे. समुद्रावर शिकार करणारा आजचा माणूस हा असाच दुसरीकडून पोसलेला शिकारी आहे. पापलेट घटलं की त्याचा भाव चढतो. भाव चढला की पूर्वी न परवडणारी लांबची फेरी परवडू लागते. डिझेलवर सवलत असते, मासा शोधणारी यंत्रं असतात, बर्फ असतो, निर्यातीचं गिऱ्हाईक असतं. भक्ष्य घटलं की निसर्गातला शिकारी सैल पडतो. बाजार उलट अधिक जोरानं ओढतो. संख्येकडे पाहून हात आखडणारी मर्यादा इथं उलटी फिरली आहे. ती आपोआप सुलटी होणार नाही, ती आपण हातानं घालायची आहे. मर्यादा म्हटलं की मच्छीमाराच्या पोटावर पाय असं अनेकांना वाटतं. पण न घातलेली मर्यादाच अखेर त्याच्या पोटावर येते.

आपल्या किनाऱ्याचं पाहू. अर्नाळा, पाचूबंदर, किल्लाबंदर, नायगाव इथला कोळी मुख्यतः डोलकर. खंबातच्या आखाताकडे जाताना इथल्या भरती-ओहोटीला मोठा वेग येतो. समुद्रात कव म्हणजे खांब मारायची, तिला डोल हे जाळं बांधायचं, आणि पाणी जे घेऊन येईल ते जाळ्यात घ्यायचं. बोंबील, जवळा, मांदेली, करंदी, वाकट्या हे डोलीचे मासे. बोंबील थोडं जगतो, भराभर वाढतो, जवळा खातो आणि आपल्याच जातीची लहान पिल्लंही खातो. जवळ्याच्या तर वर्षभरात अनेक पिढ्या होतात. असे मासे जाळ्याचा मार बराच सोसतात. मोठा भाग काढला तरी दोन-तीन चांगल्या हंगामांत भरून येतात. वलांडीवर सुकणाऱ्या बोंबलांवर पिढ्या जगल्या त्या यामुळंच.

त्याच पाण्यात दुसऱ्या स्वभावाचे मासेही आहेत. घोळ मोठी होते, तिला वय लागतं, आणि ती थव्यानं एकत्र येते. मुशी अंडी घालत नाही, मोजकी पिल्लं जन्माला घालते. शिंगाळ्याची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. त्याची मादी मोजकीच, पण मोठी अंडी घालते आणि नर ती आपल्या तोंडात घेऊन उबवतो. पिल्लं बाहेर पडेपर्यंत तो काही खात नाही. १९८० च्या आसपास कर्नाटकच्या किनाऱ्यावर अख्खा थवा वेढणाऱ्या पर्ससीन जाळ्यांनी असे तोंडात अंडी धरलेले नर थवेच्या थवे ओढून काढले. एका फेरीत दोन पिढ्या गेल्या. तिथली शिंगाळ्याची मासेमारी त्यानंतर कोसळली. लाखांनी अंडी घालणाऱ्या माशाला लावायचा हिशेब शिंगाळ्याला लावून चालत नाही, आणि जाळ्याला मात्र दोघांतला फरक कळत नाही.

पावसाळी बंदी उठल्यानंतर, २०२१ च्या ऑगस्टअखेर, आपल्याच जिल्ह्यातल्या मुरबे गावच्या एका होडीला वाढवणसमोर दीडशेहून जास्त घोळी एका खेपेत मिळाल्या. त्यांचे सव्वा कोटीच्या वर रुपये झाल्याच्या बातम्या देशभर गाजल्या. त्या कुटुंबाचं भलं झालं याचा मला आनंद आहे. कोळ्याचं आयुष्य किती बेभरवशाचं असतं हे आपण जाणतो. पण प्राणिशास्त्राचा माणूस म्हणून ती बातमी वाचताना मनात आलं ते हे, की घोळीच्या पोटातल्या बोताला, म्हणजे हवेच्या पिशवीला, सोन्याचा भाव असतो तोवर घोळ कितीही विरळ झाली तरी तिच्या मागावरची होडी माघारी फिरणार नाही.

आणि पापलेट. सातपाटीचा कोळी ते दालदी जाळ्यानं मोठं झाल्यावर पकडतो, आसच मोठे असल्यामुळं लहान निसटतं. डोलीच्या टोकाचा खोळ मात्र बारीक आसांचा, कारण त्याला जवळाही पकडायचा असतो. त्यात पापलेटाची पिल्लंही सापडतात. त्यातून वसई-उत्तनकडचे आणि सातपाटी-डहाणूकडचे मच्छीमार यांच्यात कव कुठं मारायची यावरून वर्षानुवर्षं वाद चालला आहे. मला या वादात कोणा एकाची बाजू घ्यायची नाही. मासा घटला की होडी पुढं जाते, पुढं दुसऱ्याची होडी असते, आणि भाऊ भावाशी भांडतो. खरं भांडण समुद्रात उरलेल्या थोड्या माशांचं आहे.

राज्यानं काही केलं नाही असं नाही. सागरी मासेमारीचं नियमन करणारा कायदा १९८१ पासून आहे. फेब्रुवारी २०१६ च्या आदेशानं झाईपासून मुरूडपर्यंतच्या पट्ट्यात, म्हणजे आपल्या पूर्ण किनाऱ्यासमोर, पर्ससीनला मनाई झाली. सप्टेंबर २०२३ मध्ये पापलेट हा महाराष्ट्राचा राज्यमासा ठरला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये चोपन्न जातींसाठी किमान लांबी ठरवून देण्यात आली. पापलेटासाठी ती १३५ मिलिमीटर, सुरमईसाठी ३७०. त्याहून लहान मासा पकडायचाही नाही आणि विकायचाही नाही. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं त्यापूर्वीच अशी शिफारस केली होती.

ही १३५ मिलिमीटरची मर्यादा अगदी तळातली आहे. तेवढ्या लांबीचं पापलेट अजून अंडी घालायच्या वयाचं झालेलं नसतं. एकदाही प्रजनन न करता मासा ताटात येणं ही साठा संपवण्याची सर्वांत जलद वाट आहे. शंभर मोठी पापलेटं काढली तर त्यांची आधीच्या हंगामातली अंडी तरी पाण्यात राहिलेली असतात. शंभर पिल्लं काढली तर काहीच राहत नाही, आणि वजनात पाहावं तर ती फारशी भरत नाहीत. बाजारात त्यांना भाव नाही, जाळ्यात त्यांना वाव नाही, समुद्राला मात्र ती अतिशय मोलाची आहेत.

पावसाळी बंदी १ जून ते ३१ जुलै अशी एकसष्ट दिवसांची. आपल्या कोळीवाड्यांची जुनी रीत तिच्याहून कडक होती. नारळी पुनवेला दर्याला नारळ दिल्याशिवाय होडी सुटत नसे, आणि ती पुनव बहुधा ऑगस्टात येते. बंदी लांबवावी ही मागणी कोळी बांधवांचीच आहे आणि ती शास्त्राला धरून आहे.

आतापर्यंत मी जाळ्याबद्दल बोललो, पण क्षमता नावाची दुसरी बाजूही आहे. बावखल अर्धं भरून टाकलं तर जलपर्णीलाही अर्धीच जागा. तसं वसईची खाडी, वैतरणेचं मुख, तिवरांची बेटं ही माशांच्या आणि कोळंबीच्या पिल्लांची वाढण्याची जागा आहे. तिवर तोडलं, खाडीत भराव टाकला, शहराचं सांडपाणी तसंच सोडलं, तर एकही जाळं न टाकता समुद्राची क्षमता खाली येते. तिवरांची नासाडी हा नागरिकांच्या मूलभूत हक्कांवर घाला आहे, असं मुंबई उच्च न्यायालयानं २०१८ साली स्पष्ट म्हटलं आहे. ३० ऑगस्ट २०२४ ला वाढवण बंदराची पायाभरणी झाली. त्या बंदराबद्दल आपल्या जिल्ह्यातल्या मच्छीमारांनी वर्षानुवर्षं जी भीती बोलून दाखवली ती नेमकी हीच होती: मासा वाढतो ती जागाच जाईल. ती भीती विकासविरोधी म्हणून झटकून टाकणं मला चुकीचं वाटतं. ती क्षमतेच्या गणिताची रोखठोक मांडणी आहे.

उशीर झाला तर काय होतं ते सांगून संपवतो. कॅनडाच्या न्यूफाउंडलँड किनाऱ्यावर कॉड मासा शतकानुशतकं निघत होता. १९६८ साली एका वर्षात आठ लाख टनांच्या आसपास निघाला. मग साठा खचत गेला. किनाऱ्यावरचे लहान मच्छीमार मासा कमी होतोय असं सांगत होते, मोठ्या जहाजांची पकड मात्र भरलेली दिसत होती, कारण उरलेले थवे शोधायची यंत्रं त्यांच्याकडे होती. २ जुलै १९९२ रोजी सरकारनं मासेमारी बंद केली. सुमारे तीस हजार माणसांचा रोजगार एका दिवसात गेला. बंदी थोड्या वर्षांची म्हणून आली होती, व्यापारी मासेमारी पुन्हा सुरू झाली ती २०२४ मध्ये, तीही जुन्या पकडीच्या तुलनेत अगदी थोडी. बत्तीस वर्षं. इतक्या काळात एक कोळीवाडा आपली विद्या विसरतो.

आपल्यावर ती वेळ आलेली नाही. बोंबील अजून येतो, पापलेट अजून येतं. मत्स्यव्यवसाय खात्याला माझी विनंती आहे, किमान लांबीची तपासणी बंदरावर रोज व्हावी, हंगामात एखाददुसऱ्या दिवशी नव्हे. डोलीतून पिल्लं निसटतील असा खोळ वापरणाऱ्या होडीला सवलत मिळावी, कारण पहिला तोटा तिलाच सोसायचा आहे. मच्छीमार सोसायट्यांनी लहान पापलेट लिलावात घेऊच नये. आणि तुम्ही-आम्ही गिऱ्हाइकांनी बाजाराची भूक आवरावी, कारण या साखळीतला न आखडणारा हात आपला आहे. पुढच्या वेळी टोपलीत साडेतेरा सेंटिमीटरहून लहान पापलेट दिसलं तर ते घेऊ नका, कितीही स्वस्त असलं तरी घेऊ नका, आणि का घेत नाही ते शेजारी उभ्या असलेल्या गिऱ्हाइकालाही सांगा.